डावीकडे, मागच्या सीटवर

अहो, तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. हसू नका. इथल्या पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या, भाऊजींनी दिल्या होत्या. त्यात लिहिलं होतं 'शांत आणि मनमिळाऊ स्वभावाचे'. मी वाचलं आणि म्हटलं, हे कुणाबद्दल आहे? 'नसेल पटत तर गाडी घेऊन जा आणि विहिरीत ढकल' असं गॅरेजात आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस मनमिळाऊ? धुळ्याचा तो काळीपिवळीवाला आठवतो ना? त्याने जीपच्या मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवायला सांगितला होता. माणसं कोंबून कोंबून गाडीचं बूड रस्त्याला लागत होतं, म्हणून. तुम्ही वाढवायच्या ऐवजी होते त्यातला एक काढून ठेवलात. त्याने आकाशपाताळ एक केलं. तुम्ही हात पुसत म्हणालात, "इतके पाटे घातले की ते वाकतच नाहीत. वाकत नाहीत म्हणून गाडी आपटते. आणि माणसं कमी बसव, पाटा काय करील?" मग ते विहिरीचं वाक्य. पुढच्या महिन्यात तो मुकाट्याने भावाची गाडी घेऊन आला आणि तुम्ही मला डोळा घातलात. तुम्हाला ते फार आवडायचं, लोकांनी न बोलता हरणं.

भाऊजींना मी काही बोलले नाही. बिचारे रडत रडत त्या चार ओळी लिहून गेले होते. पण पेपरातला माणूस माझा नव्हता, म्हणून हे लिहायला घेतलं.

मला सगळ्यात आधी आठवते ती एरंडोलची उलटी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तुमच्या मावसभावाच्या लग्नाला धुळ्याला निघालो होतो, कुणा गिऱ्हाइकाच्या गाडीतून. मला काय माहीत की ती ट्रायल आहे! मला वाटलं, नवऱ्याने हौसेने गाडी आणली. नवी साडी, आईने दिलेली पर्स, मागच्या सीटवर मी डावीकडे बसलेली, कारण उजवीकडे आहेराची भांडी होती. एरंडोलच्या पुढे मला मळमळलं, गाडी थांबवली, आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. दुसरा कुणी असता तर पाणी दिलं असतं, पाठीवर हात फिरवला असता. तुम्ही उकिडवे बसून विचारलंत, "कशाने झालं? पुढून आपटत होतं, का मागून झुलत होतं?" मी चिडून म्हटलं, "मागून! खड्डा गेल्यावरही मागचं थांबतच नव्हतं, एकदा वर, एकदा खाली, एकदा वर." तुमचं तोंड असं उजळलं की मी आयुष्यात विसरणार नाही. तुम्ही तिथेच गाडी वळवलीत. लग्न राहिलं, जेवण राहिलं, आहेराची भांडी परत घरी आली. आल्याआल्या तुम्ही गाडीखाली शिरलात आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणालात, "शॉकअप मेलेले होते. माले समजनंच नही." मी आठवडाभर बोलले नाही. तुम्हाला ते कळलंही नाही बहुतेक.

त्या दिवसापासून माझी जागा ठरून गेली. मागे, डावीकडे. लोक गाड्यांमध्ये काय काय करून आणायचे! पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचे, केळीच्या मळ्यात चिखलात टेकू नये म्हणून मागून उचलून घ्यायचे, कुणी लांबी वाढवायचे. पुढे नवा जोर आला आणि मागचं सामान जुनंच राहिलं, की गाडी मागून त्रास द्यायला लागायची. गिअर टाकला की धक्का, वळणावर शेपूट बाहेर, ब्रेक मारला की मागची चाकं उड्या मारतात. मग सगळे तुमच्याकडे. आणि तुम्ही माझ्याकडे. "चल, बस."

किती जणी माझ्यावर जळायच्या माहितीये? 'मिस्त्रीण रोज वेगळ्या गाडीतून फिरते.' फिरते! गिरणेच्या पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पुलाच्या अलीकडच्या वळणावर तुम्ही मुद्दाम ॲक्सिलेटरवरचा पाय उचलायचात, पुन्हा दाबायचात. माझ्या माहेरी बोदवडला मी कायम एसटीने नाहीतर रेल्वेने गेले, कारण 'त्या रस्त्यावर काही समजत नाही'. रविवारी सकाळी सगळं जळगाव टीव्हीपुढे हात जोडून बसायचं, रस्ते ओस पडायचे, तुम्हाला ट्रायलला नेमकी तीच वेळ सापडायची. त्या मालिकेत युद्धापर्यंत काय काय झालं ते मला शेजारणीने सांगितलं. आणि गिऱ्हाइकापुढे कधी म्हणाला नाहीत की हे बायकोने पकडलं. 'मला जरा शंका आली' असं म्हणायचात. शंका तुम्हाला आली! माझं कंबरडं इकडे ठणकत होतं.

पण एक सांगते, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गाडी थांबवून, मागे वळून तुम्ही विचारायचात ना, "काय वाटनं?", आणि मग गप्प बसायचात, मी शब्द शोधेपर्यंत? तसं मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. माहेरी विचारायची पद्धत नव्हती. शाळेत मास्तर उत्तर विचारायचे, मला काय वाटलं ते नाही. मी 'मागून कुणीतरी पदर ओढतंय असं वाटतं' म्हटलं तरी तुम्ही हसला नाहीत. ते ऐकून गाडीखाली गेलात आणि मागच्या दोन चाकांमधलं हौसिंग एका बाजूला बोटभर मागे गेलेलं शोधून काढलंत. मला फार बरं वाटायचं हो. मी 'काही नाही, चालेल' एवढंच म्हणायची आणि घरात जायची, पण मला फार बरं वाटायचं.

आता त्या गाडीवर येते. फैजपूरच्या वामननानांची पांढरी. आपलं भांडण तिच्यावरूनच राहिलं आहे.

नानांच्या पुतण्याने आधी कुठूनतरी तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून आणलं. मग नानांना ती मागून उंच हवी होती, मळ्यात पाणी सोडलं की अडकायची. तुम्ही ते काम मनापासून केलंत, मी बघत होते. आधी पाटे हौसिंगच्या खालून जायचे, ते तुम्ही वरून घेतलेत. त्यासाठी हौसिंगवर लोखंडाच्या नव्या बैठका वेल्ड केल्यात, प्रत्येकीला भोक पाडलंत. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं त्या भोकात घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे हौसिंग जागचं हलत नाही; यू-बोल्ट दोघांना नुसते आवळून धरतात. हे मला तुम्हीच एकदा पोळपाटावर लाटणं ठेवून दाखवलं होतं. पीठ सांडलं होतं, ते मी पुसलं.

त्या संध्याकाळी पुलावरून परत येताना मी म्हटलं, "पाय उचलला की डावी बाजू मागे सरकते."

तुम्ही म्हणालात, "नाही सरकत."

"सरकते. दाबला की पुढे येते. सूतभर असेल, पण सरकते."

"यू-बोल्ट मी स्वतः कसलेत. पान्याला पाइप लावून कसलेत. तुले भास व्हयना."

भास! इतक्या वर्षांत तुम्ही हा शब्द कधी वापरला नव्हता. मला इतका राग आला! मी म्हटलं, "मग मला नेता कशाला? सिमेंटचं पोतं ठेवा सीटवर." आणि तुम्ही म्हणालात, "पोतं बरं. बोलत तरी नाही."

थकला होतात, हे आता कळतं. दोन दिवसांपासून छातीत जळजळ होते म्हणत होतात, सोडा पीत होतात. पण तेव्हा मी घरात आले ती आपटत. सकाळी मी चहा दिला, बोलले नाही. तुम्ही बशीत ओतून चहा प्यायलात, दारापर्यंत गेलात, आणि पाठमोरे म्हणालात, "सांजले आजून एक चक्कर मारूत." मी तव्यावर पोळी टाकली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुपारी भाऊजी धावत आले.

त्या वाक्याने माझी झोप घालवली आहे. एक चक्कर मारूत म्हणजे काय? मला समजवायला, की तुम्हालाही ती शंका आली होती? भाऊजींना मी खोदून खोदून विचारलं, त्या दिवशी तुम्ही पांढऱ्या गाडीखाली गेला होतात का. ते म्हणतात, नाही, सकाळभर दुसऱ्याच जीपचं काम चाललं होतं. मग बाकावर बसलात, चहा मागवला, आणि तेवढंच. मी उठते, पाणी पिते, पुन्हा आडवी होते, आणि पुन्हा तेच. तुम्हाला कळलं होतं का नव्हतं?

तुमचं तेरावं व्हायचं होतं तेव्हा नाना आले. उठताना फार संकोचाने भाऊजींना म्हणाले की सूनबाईला पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला, माहेरी पोचवायचं आहे, दिवस भरत आले आहेत, एसटीचे हिसके तिला सोसणार नाहीत. गाडी झाली असेल तर नेऊ का? भाऊजी म्हणाले, "झालीच आहे नाना. दादांचा शेवटचा हात तिच्यावरच फिरलाय." आणि किल्ली आणायला उठले.

मी आतल्या दारात उभी होते. मला डोळ्यांपुढे तिची मागची सीट दिसली. त्या सीटवर डावीकडे ती पोरगी बसणार, पोटावर हात धरून, आणि पारोळ्याच्या पुढे कुठेतरी समोरून ट्रक आला की चालवणारा पाय उचलणार. मी म्हटलं, "गाडी द्यायची नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेरच्या खोलीत आले. "तिचं मागचं सरकतंय. मी यांना सांगितलं होतं."

भाऊजींचा चेहरा पडला. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, दादा गेले, आणि आपण लोकांना सांगायचं की त्यांचं शेवटचं काम चुकलं? आपलं गॅरेज त्यांच्या नावावर चालतं." तेही खरंच होतं. मी एकटी म्हणत होते, बाकी कुणाला काही जाणवलं नव्हतं, आणि तुम्ही स्वतः भास म्हणून गेला होतात. मी खोटी ठरले तर वेडी बाई. खरी ठरले तर तुम्ही चुकलेले. मला दोन्ही नको होतं हो.

"नाना, मला एक चक्कर मारू द्या," मी म्हटलं. "मग ठरवू."

तर तुमच्या अक्का आतून ओरडल्या, "सुतक शे घरमा! बाईमानूस गाडीमा बशी फिरस का? लोकं काय म्हनतीन?" धुळ्याहून आल्या तेव्हापासून त्या मला उंबऱ्याकडे फिरकू देत नव्हत्या. मी सरळ चपला घातल्या. मला वाटलं आता हात धरतात. पण त्या पदर खोचत माझ्या मागे आल्या. "तुले एकटीले नही जाऊ देवाव. चाल, मी बी येस." आणि गाडीत चढून बसल्या, एरंडोलच्या वेळी आहेराची भांडी होती तिथे. तुमची सख्खी बहीण शोभते खरी.

भाऊजींनी गाडी काढली. पुलापर्यंत गेलो, आलो. काही नाही. लोण्यासारखी चालली. अक्का म्हणाल्या, "माले ते गादीवर बशेल सारखं वाटस." भाऊजी आरशातून बघून म्हणाले, "बघा वहिनी." आणि मला खरं सांगू? क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, भासच होता. तुमचं बरोबर होतं, तुमचं शेवटचं काम बिनचूक होतं, मी घरी जाऊन निवांत रडते.

पण भाऊजी गाडी कशी चालवतात ते तुम्हाला माहीतच आहे. अंड्यांची टोपली डोक्यावर घेतल्यासारखी. मी म्हटलं, "भाऊजी, परत वळवा. तुमच्या दादांसारखी चालवा."

"म्हणजे?"

"म्हणजे बेदरकार. वळणावर पाय उचला, लगेच दाबा."

त्यांनी तसं केलं. आणि माझ्या डाव्या मांडीखाली ते झालं. सूतभर मागे, सूतभर पुढे. पुन्हा केलं, पुन्हा झालं. अक्कांना काही कळलं नाही. भाऊजींच्या हातांना कळलं नाही, त्यांचे हात आपोआप सावरून घेत होते, तुमचेही तसेच घेत असणार. मी मागे बसून एकटी ते ऐकत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, कारण पुढच्या सीटवरून कुणी वळून विचारलं नाही.

गॅरेजमध्ये भाऊजी अडून बसले. "दादांनी कसलेले बोल्ट आहेत वहिनी. मी नाही सोडणार." खाली मान घालून लहान पोरासारखे उभे. मग मीच पाना घेतला, पाइप लावला, आणि लटकले. बोल्ट इंचभर हलेना. काय कसले होते हो तुम्ही! मी दात-ओठ खाऊन ओढत होते आणि तुम्हाला शिव्या देत होते, मोठ्याने, नानांच्या देखत. भाऊजी आले, माझ्या हातातून पाना घेतला, आणि डोळे पुसत त्यांनी एकेक बोल्ट सोडला.

डावीकडच्या बैठकीचं भोक मोठं होतं. उजवीकडे बोल्टचं डोकं नेमकं बसलं होतं, डावीकडे ते सैल खेळत होतं. भोकाची कड एका अंगाने घासून चकचकीत झालेली, पाट्याच्या बुडाला तसाच चकचकीत पट्टा. नुसत्या यू-बोल्टच्या जोरावर ते हौसिंग जागेवर राहिलं होतं. नुकतंच पाइप लावून कसलं होतं म्हणून सूतभर. महिनाभराने बोल्ट थोडे ढिले पडले असते तर सूत राहिलं नसतं. भाऊजी किती वेळ त्या भोकावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "उजवीकडचं झालं आणि ड्रिलचं बारीक बिट तुटलं त्या दिवशी. दादा म्हणाले, मोठ्या बिटाने पाडतो, यू-बोल्ट धरून ठेवतील."

तुम्ही असं केलंत? तुम्ही? दुसऱ्याने केलं असतं तर विहिरीत ढकललं असतंत त्याला.

मला आनंद झाला नाही. मला वाटलं होतं, खरी ठरले तर निदान जीव शांत होईल. कसला शांत! मी तिथेच जमिनीवर बसले आणि तुमच्या नावाने भोकाड पसरलं. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा सगळं कुणीतरी दुसऱ्याचंच चाललं आहे असं वाटत होतं.

भाऊजींनी बैठक कापली, लेथवाल्याकडून नवी करून आणली, भोक मापात पाडलं, दोन्ही बाजू पुन्हा जोडल्या. मी पुन्हा बसले, डावीकडे. पुलाच्या वळणावर भाऊजींनी न सांगता पाय उचलला. काही सरकलं नाही.

काल नाना पुतण्याला आणि सूनबाईला घेऊन आले. वाळलेल्या अंगाची पोरगी, पोट तेवढं मोठं, घाबरलेली. नानांनी विचारलं, "काय निघालं मग? मोठं काही?"

भाऊजी पटकन म्हणाले, "काही नाही नाना, किरकोळ. दादांनी सगळं केलंच होतं."

मी तिथे उभी होते. हे वाक्य तसंच राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? गाडी तर नीट झाली होती. पण तुम्ही स्वतः कधी असं बोलला नसतात. तुम्ही मला कितीही पोतं म्हणा, गाडीबद्दल गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं, "चुकलं होतं नाना. यांच्याच हातून. भोक मोठं पाडलं होतं. मी सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. आता बरोबर आहे, मी बसून पाहिलं आहे."

भाऊजी जमिनीकडे बघत राहिले. नाना माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतात, बाई, नवऱ्याच्या मागे असं बोलतात का. ते सुनेकडे वळले. "बस सूनबाई. यांनी बसून पाहिलं आहे." तिने माझा हात धरला आणि चढली. मी तिला म्हटलं, डावीकडे बस, तिकडे ऊन येणार नाही.

गाडी फाटकातून निघाली. पुढच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला, नानांच्या पुतण्याने पाय उचलला, मला इथून आवाजावरून कळलं. मागचं जागचं हललं नाही, गाडी सरळ वळली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागली.

आज सकाळी धुळ्याहून नानांचा निरोप आला, सूनबाई सुखरूप पोचली. गल्लीत सगळ्यांना समजलं आहे. अक्का तर येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात, त्यांना स्वतःलाही ते जाणवलं होतं म्हणून. भाऊजी आता माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. फक्त तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं. ऐका. पाय उचलला की डावी बाजू मागे सरकत होती. मला भास झाला नव्हता. तुम्ही चुकला होतात.

आता बोला.